गंगापूरला तोंड पोळलं त्याची हकिकत

आमच्या कुडाळच्या खानावळीत रोज दुपारी साठेक माणसं जेवतात. त्यांतली दोन-चार तरी बांगड्याच्या तिखल्यानं नाक पुसत उठतात. अशांच्या पुढे मी वाटीभर सोलकढी सरकवते आणि हसते. पंचवीस वर्षं हसले. त्यामुळे या जानेवारीत छत्रपती संभाजीनगरकडे माझं जे काही झालं, ते गिऱ्हाइकांच्या कानावर गेलं तर त्यांना मनापासून आनंद होईल. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच लिहून टाकते.

गेले होते ते मुलीचं सासर होऊ घातलेलं घर बघायला. आमची वैदेही तीन वर्षं वाळूजला एका कारखान्यात इंजिनीअर आहे. तिथंच काम करणाऱ्या अमोलशी तिला लग्न करायचं होतं. अमोलचं घर शेतकऱ्याचं, गंगापूरच्या अलीकडे. फोनवर म्हणाली, "आई, तू येऊन घर बघ, माणसं बघ. तू नाही म्हणालीस तर मी थांबेन." थांबेन म्हणाली, सोडेन म्हणाली नाही, हे मी लक्षात ठेवलं. आमच्या ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन होऊन जेमतेम वर्ष झालेलं, त्यांना एवढा प्रवास नको. तेव्हा खानावळ त्यांच्यावर सोपवून मी एकटीच निघाले. ते म्हणाले, "तू होय म्हटलंस तर होय, नाय म्हटलंस तर नाय." सगळं माझ्या डोक्यावर टाकून मोकळे झाले.

निघायच्या आदल्या दिवशी अमोलच्या आईचा, कावेरीताईंचा, फोन आला होता. "ताई, तिखट चालतं न्हवं तुम्हाला?" मी म्हटलं, "अहो, आम्ही मालवणी. आम्हांला तिखटाचं काय विचारता?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गुरुवार, शहरात

बसच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, पाय सुजले एवढंच. वैदेही स्टँडवर घ्यायला आली होती. तिनं मला आधी आंघोळ करायला लावली आणि मग जुन्या शहरात घेऊन गेली. आमच्याकडे बाजार म्हणजे एक रस्ता आणि मासळीची ओळ. इथं दरवाज्यामागून दरवाजे, त्यांच्या कमानींखालून रिक्षा, हातगाड्या, शाळेतली मुलं, सगळं एकदम जातं आणि कुणी कुणाला धक्का देत नाही. हवा कोरडी. ओठांना सारखं तूप लावावंसं वाटत होतं. कुडाळला जानेवारीतसुद्धा घाम पुसणारी मी, इथं दुपारी शाल पांघरून हिंडत होते.

दुपारी वैदेहीनं मला नान खलिया खायला नेलं. मटणाचा लालजर्द रस्सा आणि पिवळसर, जाडसर, मऊ नान. रश्श्यावर तेलाचा असा तवंग की त्यात तोंड बघावं. चव उत्तम होती, हे धंदेवाईक मत आहे. पण चौथ्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाल्यासारखं झालं आणि मी पाण्याचा ग्लास उचलला. दुकानाचे म्हातारे मालक गल्ल्यावरून बघत होते. म्हणाले, "पानी नक्को पीयो आपा. सूखा नान चबाव, धीरे धीरे." मी मात्र दोन ग्लास पाणी पिऊन घेतलं आणि आणखी पोळले. खानावळवालीनं दुसऱ्या खानावळवाल्याचं ऐकायचं असतं, पण तसं कुणी ऐकत नाही.

वैदेही समोर बसून निवांत जेवत होती. लहानपणी हिला मी माशाची तुकडी पाण्यातून धुऊन भरवायची. मी म्हटलं, "तुला गो काय होत नाही?" तर म्हणाली, "सवय झाली, कँटीनमध्ये असंच असतं." मला ते पटलं.

शुक्रवार, गंगापूरच्या अलीकडे

सकाळी अमोल गाडी घेऊन आला. उंच, सावळा, कमी बोलणारा मुलगा. गाडीत माझ्यासाठी पाठीला उशी ठेवली होती. वाळूजचे कारखाने संपले की लगेच कापूस आणि ऊस सुरू होतो. उसाच्या ट्रॅक्टरामागे आम्ही बराच वेळ रखडलो आणि त्यातलं एक कांडं ओढून घ्यायचा मोह मला दर वळणावर होत होता. डोंगर नाही, चढ नाही, नजर टाकावी तिकडे जमीन सपाट. आमच्याकडच्या माणसाला अशा मोकळ्या जागी थोडं उघड्यावर पडल्यासारखं वाटतं.

घर रस्त्यापासून आत, शेतातच. चार खोल्या, पुढं पत्र्याची ओसरी, अंगणात कडुनिंब. दारात कावेरीताई आणि अमोलचे आजोबा उभे होते. आजोबांना सगळे आबा म्हणतात. अमोलचे वडील उसाच्या तोडीवर गेलेले, ते संध्याकाळी येणार होते. घरचं कुत्रं धावत आलं, मला हुंगलं आणि वैदेहीच्या पायाशी लोळायला लागलं. मनात म्हटलं, इथली कुत्रीसुद्धा सालस आहेत.

"ये पोरी, घर बघ," कावेरीताई वैदेहीला म्हणाल्या. मग त्यांनी आम्हां दोघींना घर दाखवलं. ही न्हाणी, ही देवघराची खोली, ही मागची पडवी. वैदेही प्रत्येक ठिकाणी "छान आहे हं" म्हणत होती. अमोल उगीच खोकत होता. आबा मिशीत हसत होते. मला वाटलं, मुलगी बघायला आल्यासारखी सगळी अवघडलीत. आपण मोठ्या माणसांनी सांभाळून घ्यायला हवं.

स्वयंपाक मात्र मी खरोखर डोळे भरून पाहिला. कावेरीताई ठेचा खलबत्त्यात कुटत नाहीत. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे तव्यात भाजायचे आणि तव्यातच पितळी तांब्याच्या बुडानं रगडायचे. तांब्या तव्यावर गरगर फिरतो आणि दोन मिनिटांत ठेचा तयार. मी हे कुडाळला येऊन करून पाहिलं, तवा निसटला आणि ठेचा भिंतीवर. दुसरीकडे येसरची आमटी उकळत होती. येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. लग्नाकार्याची ही आमटी, पाहुण्याला मान म्हणून करतात. कावेरीताईंनी मला सांगितलं, "आमच्यात पाहुण्याला फिकं वाढलं तर लोक नावं ठेवतेत. म्हणतेत, पाहुणा लवकर जावा म्हणून तसं केलं."

पानं मांडली. बाजरीची भाकरी, येसरची आमटी, वांग्याची भाजी, ठेचा, कांदा. मी फोनवर मारलेली फुशारकी सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून माझ्या पानात ठेच्याचा गोळा लिंबाएवढा. भाकरी आमटीत कुस्करली, पहिला घास छान गेला. दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला ठेचा लावला आणि घशात काय झालं ते मी सांगू शकत नाही. ठसका लागला. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, कान लाल. बोलायला जाते तर आवाज नाही. समोरचा तांब्या उचलून मी घटाघट पाणी प्यायले आणि आग जिभेवरून घशात, घशातून छातीत उतरली.

वैदेही ताडकन उठली. स्वयंपाकघरात गेली. डबे हलल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिचा आवाज, चांगला खणखणीत:

"काकू, गुळाची बरणी पिठाच्या डब्यामागं होती, कुठं हलवली?"

ओसरीवर सगळे घास हातात धरून बसले. अमोलनं मान खाली घातली. आबा मात्र सहज म्हणाले, "आता फ्रीजवर असतीय." कावेरीताईंनी त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा त्यांना कळलं आपण काय बोललो ते.

वैदेही गुळाचा खडा आणि तेलाची किटली घेऊन आली. माझ्यासमोर बसली, ठेच्यावर आणि आमटीत करडईच्या कच्च्या तेलाची धार धरली, कोरड्या भाकरीचा तुकडा तेलात बुडवून मला भरवला. "चाव. गिळू नको लगेच. पाणी पिऊ नको." मी चावला. मग गूळ. पाच मिनिटांत जीभ जागेवर आली. तिखटावर तेल हे मला पंचवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सोलकढी, दही, फार तर साखर. आबा म्हणाले, "पाण्यानं तिखट जात नाय, पसरतं. तेलानं त्याचा जोर मोडतो." ते अगदी खरं आहे, मी आता खानावळीत प्रत्येक टेबलावर खोबरेल तेलाची छोटी वाटी ठेवते. हे म्हणतात गिऱ्हाइकं ते डोक्याला लावतील.

पण त्या वेळी मला तेलाचं कौतुक करायला सुचलं नाही. तोंड थंड झालं आणि डोकं चालू लागलं. न्हाणी दाखवताना "छान आहे हं" म्हणणारी ही मुलगी, हिला गुळाची बरणी कुठं असते ते माहीत. कुत्रं हिच्या पायाशी लोळतं. मी उरलेलं जेवण गुपचूप तेल घालून संपवलं. आमटी खरोखर सुंदर होती, रागातसुद्धा ते कळत होतं.

जेवणं झाल्यावर मी वैदेहीला घेऊन उसाच्या बांधावर गेले.

"खरा सांग गो. हयसर तू कितीदा इलंस?"

ती रडायला लागली. मला वाटलं, आता काहीतरी भलतंच ऐकावं लागणार. ती म्हणाली, "आई, गेल्या वर्षी मला कावीळ झाली होती. पंधरा दिवस इथं होते मी. काकू येऊन मला खोलीवरून घेऊन गेल्या."

गेल्या वर्षी म्हणजे हे दवाखान्यात होते तेव्हा. मी बाहेरच्या बाकावर बसून फोन करायची आणि ही म्हणायची, थोडी सर्दी आहे आई, आवाज बसलाय, तू बाबांकडे बघ. मी बघितलं. मी एकदाही विचारलं नाही की सर्दी इतके दिवस कशी टिकली.

"मला कळवायचं नाही?"

"तू कुणाला सोडून आली असतीस?"

त्या प्रश्नानं माझा राग आणखी वाढला. मला जे वाटलं ते लिहिते, लपवत नाही. मला आधी कृतज्ञता वाटली नाही, मत्सर वाटला. रोज साठ माणसांना जेवायला घालणारी मी, आणि माझी मुलगी आजारी असताना तिला दुसऱ्या बाईनं भरवलं. वर सगळ्यांनी मिळून माझ्यापुढे नाटक केलं. आज बरणी लपली नाही, उद्या या घरात काय काय लपवतील? मी मनात ठरवलं की इतक्यात होय म्हणायचं नाही. संध्याकाळी ह्यांचा फोन आला, "काय ठरला?" मी म्हटलं, "काय ठराक नाय. बघतंय." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, माझं तर ठेच्यानं पोळलं होतं.

शनिवार, शेतावर

सकाळी हुरड्याचा बेत होता. अमोलच्या वडिलांनी शेतात खड्डा करून गोवऱ्यांचा विस्तव केला होता, त्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसून भाजायची, गरम असतानाच तळहातांवर चोळायची आणि फुंकर मारून कोंडा उडवायचा. हातात उरतात ते हिरवे, मऊ, दुधाळ दाणे. मला चोळायला दिलं तर हात भाजले आणि फुंकर एवढी जोरात मारली की दाणेही उडाले. आबा हसून हसून खाली बसले. "ताई, कोंडा उडवायचा असतो, हुरडा नाय." राग असतानाही मला हसू आलं. आमच्याकडे पहिल्या काजूच्या ओल्या बिया फोडताना बाहेरच्या माणसाची अशीच मजा होते.

हुरड्यासोबत लसणाची लाल चटणी होती आणि तिच्या शेजारी आठवणीनं तेल, दही, गूळ, बोरं. मी चटणीला बोट लावलं नाही. हुरडा आणि दही इतकं खाल्लं की लाज वाटली. ऊन अंगाला गोड लागत होतं. बांधावर बगळे होते, दूरवर कुणीतरी मोटर सुरू केली आणि पाटाला पाणी आलं. मला ती जागा आवडायला लागली होती आणि त्याचाच मला राग येत होता.

कावेरीताई माझ्याजवळ येऊन बसल्या. "ताई, रागावलात का? चूक माझी हाय. मीच म्हटलं सांगू नका. लग्नाआधी पोरगी घरात राहून गेली, हे तुमच्या कानावर गेलं तर तुम्हाला काय वाटंल, ह्याचीच फिकीर लागली."

"मला एक फोन करायचा होता तुम्ही," मी म्हटलं.

"व्हय. करायचा होता. तिनं नंबर दिला नाय, पण मी घेऊ शकत होते." त्यांनी सारवासारव केली नाही, हे मला बरं वाटलं. पण होय म्हणावं इतकं बरं वाटलं नाही. मी कणीस चोळत राहिले.

दुपारी घरी जेवून निघायचं होतं. पानावर बसले आणि बघते तर सगळा स्वयंपाक वेगळा. पिवळं वरण, भात, दुधीची भाजी, ज्वारीची पांढरी भाकरी. ठेचा नाही, चटणी नाही, मिरचीचा तुकडासुद्धा नाही. माझ्यासाठी केलं हे समजलं. पण आजूबाजूला पाहिलं तर सगळ्यांच्या पानात तेच. अमोल मुकाट्यानं वरण-भात कालवत होता. आबा भाकरीचा एकेक तुकडा वरणात बुडवून बारीक तोंड करून गिळत होते, औषध घेतात तसे.

कावेरीताई आत भाकरी आणायला गेल्या तेव्हा मी हळूच म्हटलं, "आबा, तुम्ही तरी ठेचा घ्यायचा."

"नाय ओ. एकाच्या पानात एक आन् दुसऱ्याच्या पानात एक, असं सूनबाईला चालत नाय." मग ते माझ्याकडे झुकले. "आजचं एक जेवण हाय. तुमची लेक इथं पिवळी पडून होती तवा पंधरा दिस असंच जेवलो. घरात मिरचीची फोडणी बंद. सूनबाई म्हणायची, नाकात वास गेला तर पोरीला तिखट खावंसं वाटंल, आन् देता यायचं नाय, लई वाईट वाटंल तिला. पंधरा दिस ठेचा नाय, येसर नाय. माझ्या जन्मात असं फिकं खाल्लं नव्हतं. एकदा चोरून शेजारी जाऊन ठेचा खाल्ला तर तोंड धुऊन घरात घेतलं मला." आणि ते खरोखर दुखावल्यासारखे वरणाकडे बघत बसले.

मी घास खाली ठेवला. खानावळवालीला एक गोष्ट पक्की माहीत असते. आजाऱ्यासाठी वेगळं शिजवणं सोपं असतं, एक भांडं वाढतं एवढंच. आजाऱ्याच्या नाकात वास जाऊ नये म्हणून अख्ख्या घराची चव बंद करणं, हे मी माझ्या घरात कधी केलेलं नाही. हे दवाखान्यातून आले तेव्हा मी त्यांच्यासमोर बांगडे तळले होते, धंदा होता म्हणून. या बाईला वैदेही तेव्हा कोण होती? मुलाच्या ओळखीची एक मुलगी, एवढंच.

कावेरीताई भाकरी घेऊन आल्या. मी म्हटलं, "ताई, कालची आमटी उरली आहे का?"

"हाय की. पण तुम्हाला नको ती."

"आणा. सगळ्यांना वाढा. आबांना आधी."

त्या दारातच थांबल्या. वैदेहीनं माझ्याकडे पाहिलं आणि उठून तेलाची किटली आणायला गेली. या वेळी तिनं काय कुठंय म्हणून विचारलं नाही. आमटी आली, आबांच्या पानात ठेचा पडला आणि त्यांचा चेहरा पालटला. मी भाकरी कुस्करली, तेल ओतलं, घास घेतला. आग लागलीच. डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, कारण त्यातलं सगळंच आमटीचं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. हे होते. मागे कुडाळच्या दुपारच्या जेवणाची गडबड ऐकू येत होती. "काय गो, आज तरी काय ठरला?"

तोंड इतकं पोळलं होतं की मला चार शब्दांपलीकडे बोलवेना. कावेरीताई पदराला हात पुसत उभ्या होत्या. मी त्यांच्यापुढे फोन धरला आणि ह्यांना म्हटलं, "थांबा, विहिणीशी बोला."